डिजिटल वाद्ये व हातवारे : संगीतशिक्षणातील वापर

इलेक्ट्रॉनिक तानपुरा, तबलायंत्र, मोबाइल ॲप आणि शरीराची हालचाल टिपून तिचा नाद करणारी यंत्रे यांच्या साहाय्याने दिले जाणारे संगीतशिक्षण. रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या भागांत, भजनी मंडळातून पेटी-पखवाज कानाने शिकण्याची परंपरा आहे. वरील यंत्रांपैकी तेथे खरे रुजले ते इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि तबलायंत्र. सोबतीला माणूस नसतानाही रियाज करता येतो, हे त्याचे साधे कारण.

हातवाऱ्यांनी वाजणारे पहिले वाद्य थेरेमिन. रशियन अभियंता लेव्ह तेर्मेन याने ते सुमारे १९२० मध्ये बनवले. एका हाताचे अँटेनापासूनचे अंतर स्वर ठरवते, दुसऱ्याचे आवाजाची पातळी. मींड त्यावर सहज निघते, पण पडदे नसल्याने नेमका षड्ज कानानेच शोधावा लागतो. शिक्षणाच्या दृष्टीने हा दोष नव्हे, गुणच.

ख्यालगायकाचे हात तर आधीपासूनच बोलतात. मॅथ्यू रहाइम यांचा या हातवाऱ्यांवरील ग्रंथ २०१२ मध्ये आला. मुंबईच्या आयआयटीत प्रीती राव व सहकाऱ्यांनी गायनाच्या ध्वनिचित्रफितींतून हालचाल आणि राग यांचा संबंध संगणकाने तपासला आहे.

कॅमेऱ्याने हातवारे टिपणाऱ्या साधनांची अडचण विलंबाची. सेकंदाला ३० चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंद जातात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत चौगुनीचा (मात्रेला चार बोल) एक बोल जेमतेम ६२ मिलिसेकंदांचा असतो. त्यामुळे अशी साधने आलापाला चालतात, तबल्याला नाही.