गहाण पडलेल्या बेटांची नावे

डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिश्चन याने कन्या मार्गारेट हिच्या हुंड्यापोटी १४६८ साली ऑर्कनी आणि १४६९ साली शेटलंड या बेटांवरील आपले हक्क स्कॉटलंडचा राजा तिसरा जेम्स याच्याकडे गहाण ठेवले. ते गहाण कधीच सुटले नाही. पुढे कारभाराची आणि चर्चची भाषा स्कॉट्स झाली. बेटांवरची जुनी नॉर्न भाषा क्षीण होत जाऊन एकोणिसाव्या शतकात लोपली.

किनाऱ्यावरची नावे मात्र तिचीच राहिली. स्कॉट्स बोलणारा शेटलंडचा कोळी आजही चिंचोळ्या खाडीला ‘व्हो’, कड्यातील घळीला ‘ग्यो’ आणि होडी ओढून ठेवण्याच्या खळग्याला ‘नूस्ट’ म्हणतो. लर्विक म्हणजे चिखलाचा उपसागर; हॅम्नाव्हो म्हणजे बंदराची खाडी.

आम्हा वकिलांना लेखनिकांच्या चुकांचे विशेष कुतूहल. ऑर्कनीच्या राजधानीचे मूळ नाव ‘किर्क्युवागर’, म्हणजे चर्चची खाडी. त्यातील ‘वागर’ झिजून ‘वा’ उरला. स्कॉट्समध्ये ‘वा’ म्हणजे भिंत. म्हणून लिहिणाऱ्यांनी ‘कर्कवॉल’ केले आणि खाडीची भिंत झाली. ‘शेटलंड’मधील आद्य ध्वनीसाठी स्कॉट्स लिपीत ‘योख’ नावाचे अक्षर होते. छपाईत त्याच्या जागी त्याच्यासारखा दिसणारा ‘झेड’ आला आणि ‘झेटलंड’ तयार झाले. तेथील काउंटी परिषद १९७५ पर्यंत याच नावाने कारभार करीत होती.

नावांप्रमाणे कायदाही उरला. नॉर्स परंपरेच्या ‘उदल’ कायद्यानुसार भरती-ओहोटीच्या मधली किनारपट्टी राजसत्तेची नसून लगतच्या जमीनमालकाची असू शकते, हे लर्विक बंदराच्या विश्वस्तांविरुद्धच्या खटल्यात स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९०३ साली मान्य केले.

फेरो बेटांचे भाषापंडित याकोब याकोबसेन १८९३ ते १८९५ या काळात शेटलंडमध्ये फिरले. तेथील बोलीत त्यांना नॉर्स मूळ असलेले सुमारे दहा हजार शब्द सापडले. शब्द मिळाले, नावे मिळाली. पण त्या भाषेत संवाद करील असे माणूस राहिले नव्हते.

२०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव ‘बेळगावी’ झाले, तेव्हा आम्ही निषेध नोंदवला आणि तो योग्यच होता. स्थलनाम हा पुरावा आहे, आणि पुराव्यात फेरफार झाल्यास हरकत घेतलीच पाहिजे. तथापि शेटलंडचा किनारा आम्हांस आणखी एक गोष्ट सांगतो: नाव भाषेच्या मागेही शतकानुशतके टिकते. म्हणून पाटीवरील अक्षरांसाठी आम्ही जितके झगडतो, तितकीच दक्षता घरात मुलांशी मराठी बोलण्याबाबत घ्यावयास हवी. पुरावा जपला आणि वादीच उरला नाही, तर दावा कोणासाठी चालवायचा?