आयर्विनला किती?

मी शाळेत इतिहास शिकवत असे. गांधी-आयर्विन कराराच्या धड्याला एकदा वर्गात विचारले, "आयर्विन कोण?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, पाणी मोजायचा पूल!" वर्ग हसला, मीही हसलो. पण आम्हा सांगलीकरांच्या दृष्टीने ते उत्तर काही अगदीच चुकीचे नव्हते.

कृष्णेवरचा हा दगडी पूल १९२९ साली झाला. सांगली संस्थानाचे अधिपती तेव्हा चिंतामणराव पटवर्धन होते आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. म्हणून ते नाव. सांगली आणि पलीकडची सांगलीवाडी पुलाने जोडली गेली. बाजाराच्या बैलगाड्या, मग एस.टी., मग ट्रक, सगळे त्याच्यावरून गेले. पुढे बायपासचा पूल झाला, याचेही वय झाले आणि जड वाहने बंद केली गेली. संध्याकाळी फिरायला येणारे आणि पुरात वरून उड्या मारणारे पट्टीचे पोहणारे मात्र येतच राहिले.

पुलाचे दुसरे काम म्हणजे पूर मोजणे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. आमच्या लहानपणी वडील छत्री घेऊन पुलापर्यंत जायचे आणि आकडा बघून यायचे. आता पुण्याहून, अमेरिकेहून मुलांचे फोन येतात. "बाबा, कसे आहात?" हे नंतर. आधी, "आयर्विनला किती?"

२००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा गावभागातल्या आमच्या घराच्या शेवटच्या पायरीशी ते थांबले. ऑगस्ट २०१९ मध्ये शेजारी सामान हलवू लागले, तेव्हा मी ठामपणे म्हणालो, "आपल्याकडे पायरीच्या वर येत नाही. इतिहास आहे."

त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सौ.ला आणि मला शेजारच्या मुलांनी होडीतून काढले. चाळीस वर्षांच्या वह्या आणि पुस्तके तळच्या कपाटात होती, ती गेली.

जन्मभर मुलांना सांगत आलो की इतिहासापासून शिकावे. मी मात्र त्याच्या भरवशावर झोपलो. मागचा पूर कुठवर आला एवढेच तो सांगतो. पुढचा कुठे थांबेल, याची हमी तो देत नाही.

२०२१ साली पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेले. त्या वेळी ४० चा आकडा ऐकला आणि आम्ही दोघे मुकाट्याने बाहेर पडलो.

तेव्हा मुलांनो, पावसाळ्यात फोन करत राहा. आकडा सांगेनच... पण तो कुठून सांगतोय, हेही विचारत जा.