छत्तीस गडांपैकी एक : लाफागड

आपण 'छत्तीसगड' रोज म्हणतो, पण त्यातले गड पाहायला फारसे कोणी जात नाही. शिवनाथेच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा, दक्षिणेस रायपूरचे अठरा अशी जुनी वाटणी. उत्तरेकडचा लाफागड, म्हणजेच चैतुरगड, कोरबा जिल्ह्यात पालीच्या पुढे सुमारे ३०६० फूट उंचीवर आहे. कलचुरी राजा पृथ्वीदेवाने तो बांधला असे सांगतात. बांधला म्हणजे काय, तट बहुतेक निसर्गानेच दिला. कडा तुटला तेवढ्याच जागी भिंत घातली! रेल्वेत कटिंग करतानाही आधी खडक बघतात, त्यामुळे ही काटकसर मला फार पटली. मेनका, हुमकारा व सिंहद्वार असे तीन दरवाजे. वर महिषासुरमर्दिनीचे देऊळ आणि तलाव. काहींना बारमाही पाणी. म्हणजे वेढा सोसायची सगळी सोय.

तरी १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर चालून आले, तेव्हा वृद्ध राजा रघुनाथसिंह रतनपुरातच बसून होता. पुत्रशोकाने तो खचला होता. फारशी लढाई न होता राजधानी पडली, लाफागड लढलाच नाही. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहिले. रामटेकरीवरचे त्यांचे राममंदिर आजही उभे आहे.