पदार्थाआधीचा हिशेब

शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्राफाइट असते. ते वीज वाहून नेते हे राहात्याच्या कुठल्याही शाळेत दाखवता येईल. दोन सेल, एक लाल एलईडी आणि दोन्ही टोके तासलेली पेन्सिल एवढे पुरे. या ग्राफाइटचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात गाइम आणि नोव्होसेलोव यांनी तो चिकटपट्टीने सोलून वेगळा केला. त्याचे गणित मात्र वॉलेस यांनी १९४७ मध्येच मांडून ठेवले होते!

ग्राफीनमधल्या प्रत्येक कार्बनला एकेक हायड्रोजन जोडला तर काय होईल? २००७ मध्ये अमेरिकेत होर्हे सोफो, अजय चौधरी आणि ग्रेग बार्बर यांनी हे संगणकावर करून पाहिले आणि त्या पदार्थाला 'ग्राफेन' म्हटले. एथीन आणि एथेन यांच्या नावांत जो फरक, तोच येथे.

असा हिशेब करतात कसा? प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा माग ठेवायचा तर कोणताच संगणक पुरणार नाही. १९६४-६५ मध्ये होहेनबर्ग, कोन आणि शॅम यांनी दाखवले की इलेक्ट्रॉनांची ठिकठिकाणची घनता कळली तरी भागते. आठवडे बाजारात कोण कुठे उभा आहे याची यादी नको, कुठे किती दाटी आहे एवढे पुरे, असेच काहीसे. मग अणूंची एक चौकट घ्यायची, ती फरशीच्या नक्षीसारखी सर्वत्र पसरली आहे असे धरायचे आणि अणू सरकवत सर्वांत कमी ऊर्जेची रचना शोधायची. ती किंचित ताणल्यावर ऊर्जा किती वाढते यावरून पदार्थाचा ताठरपणा मिळतो. इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्यांमधल्या फटीवरून कोणता प्रकाश शोषला जाईल ते कळते.

हिशेबातले ग्राफेन सपाट नव्हते. त्याचे अणू एकाआड एक वरखाली सरकलेले होते आणि ते विसंवाहक होते. २००९ मध्ये मँचेस्टरच्या गटाने ग्राफीनवर खरोखरच हायड्रोजन चढवला. विजेला होणारा विरोध वाढला. तापवल्यावर हायड्रोजन निघून गेला.

दोन टोके कळली, मधला प्रवास राहिला. तो पुणे विद्यापीठात दिलीप कान्हेरे यांच्या गटाने हाती घेतला. लहान गॅलियमचे पुंज मोठ्या तुकड्यापेक्षा जास्त तापमानाला का वितळतात, याचे उत्तर याच गटाने २००४ मध्ये संगणकाच्या साहाय्याने दिले होते. प्राची चंद्रचूड, भालचंद्र पुजारी आणि इतर सहकाऱ्यांसह २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात त्यांनी हायड्रोजनची १८ प्रमाणे तपासली. हायड्रोजन वाढेल तशी वाहकता क्रमाक्रमाने घटेल, असे कुणालाही वाटेल. निघाले वेगळेच. अर्धधातू ग्राफीन आधी धातूसारखे होते आणि नंतर विसंवाहक! हायड्रोजन विखरून बसत नाही, तो बेटे करतो; मधल्या उघड्या जागांमधून वीज वाहत राहते. ठरावीक तिरप्या ओळीतले हायड्रोजन काढले, तर १.४ इलेक्ट्रॉनव्होल्टची फट मिळते. १२४० ला १.४ ने भागा, ८८६ नॅनोमीटर येतात. ही तरंगलांबी तांबड्याच्या पलीकडची, अवरक्त.

हा आकडा काटेकोर मानू नये. या पद्धतीत फट खऱ्यापेक्षा लहान येते. पूर्ण ग्राफेनसाठी सोफो यांच्या हिशेबात ती ३.५ इलेक्ट्रॉनव्होल्ट होती, तर २००९ च्या अधिक काटेकोर गणनेत ५.४. दोन्ही आकड्यांनी भागाकार करून पाहा. उत्तर दोन्ही वेळा जंबुपारच येते, म्हणजे डोळ्यांना दिसणारा प्रकाश ग्राफेनमधून आरपार जावा.