मानमोडी कोणाला गाठते?

१९१८ साली मुंबई इलाख्यात आलेल्या तापाच्या साथीला लोकांनी ‘मानमोडी’ असे नाव दिले. जूनमध्ये मुंबईत शिरलेली ही साथ प्रथम सौम्य होती. सप्टेंबर-ऑक्टोबरात ती परतली तेव्हा घरेच्या घरे अंथरुणाला खिळली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. हा ताप म्हणजे इन्फ्लुएन्झा. एरवी चार-पाच दिवसांत बरा होणारा हा आजार काही थोड्यांच्याच जिवावर का उठतो? या प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

फ्लूच्या नेहमीच्या साथीत मृत्यूंचा वयानुसार आलेख काढला तर तो इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. तान्ही मुले एका टोकाला, वृद्ध दुसऱ्या टोकाला. १९१८ च्या आलेखात मात्र मधोमध आणखी एक शिखर होते, २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांचे. आलेख ‘डब्ल्यू’सारखा झाला. गर्भवतींची स्थिती तर भयानक होती. अमेरिकेत जॉन हॅरिस यांनी १९१९ मध्ये १,३५० आजारी गर्भवतींची माहिती जमवली, तेव्हा त्यांतील सुमारे २७ टक्के मरण पावल्याचे आढळले.

पण या माहितीला एक मोठी मर्यादा होती. फ्लूचे निदान निश्चित करणारी चाचणीच तेव्हा नव्हती. १८९२ मध्ये फायफर यांनी शोधलेला एक जीवाणू हेच कारण, असे अनेक जण मानत. खरा गुन्हेगार विषाणू आहे हे १९३३ मध्ये लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी दाखवले. रुग्णांच्या घशातील स्राव गाळून त्यांनी तो फेरेट या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या नाकात घातला आणि त्याला फ्लू झाला!

दुसरा दुवा आला तो पोलिओच्या साथीतून. १९५२ मध्ये कोपनहेगनला श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना ब्यर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून हाताने पिशवी दाबून श्वास दिला गेला. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने हे काम करत होते. त्यातूनच अतिदक्षता विभागाची कल्पना रुजली. असे विभाग जीव वाचवू लागलेच. शिवाय अत्यवस्थ रुग्ण एका जागी आल्याने त्यांची नीट नोंद ठेवता येऊ लागली.

१९५७ च्या आशियाई फ्लूत हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती यांना अधिक धोका असल्याचे पुन्हा दिसले. १९६० मध्ये अमेरिकेने वृद्ध, जुनाट आजाराचे रुग्ण आणि गर्भवती यांना लस देण्याची शिफारस केली.

२००९ मध्ये एच१एन१ चा नवा प्रकार आला, ज्याला आपण ‘स्वाइन फ्लू’ म्हणत होतो. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांनी जून ते ऑगस्टमधील ७२२ रुग्णांची एकत्रित नोंद प्रसिद्ध केली. त्यांपैकी जवळजवळ ९३ टक्के रुग्ण ६५ वर्षांखालील होते! १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या शरीरात जुन्या एच१एन१ विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे शिल्लक होती, हे त्याचे एक कारण.

या रुग्णांत गर्भवती ९.१ टक्के होत्या. आकडा लहान वाटतो ना? पण एकूण लोकसंख्येत गर्भवतींचे प्रमाण सुमारे १ टक्काच होते. म्हणजे अतिदक्षता विभागात त्या अपेक्षेच्या नऊपट होत्या. अतिस्थूल व्यक्तींचे प्रमाणही असेच अनेकपट होते. लठ्ठपणाचा धोका प्रथम ठळकपणे दिसला तो याच साथीत. गर्भाशय वाढले की श्वासपटल वर ढकलले जाते. पोटावरच्या चरबीमुळेही फुफ्फुसांना फुलायला जागा कमी पडते. त्यात फुफ्फुसदाह झाला तर राखीव श्वास उरत नाही.

मात्र ‘धोक्याचा घटक’ म्हणजे भविष्यवाणी नव्हे. बहुसंख्य गर्भवती फ्लूतून बऱ्याच होतात. उलट, ७२२ जणांत असेही बरेच होते, ज्यांच्यात कोणताच ज्ञात घटक नव्हता. आपल्याकडे या साथीतील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात झाला, तो एका शाळकरी मुलीचा.

शिक्षकांनी हे उदाहरण टक्केवारीच्या तासाला जरूर घ्यावे. ‘रुग्णांत किती टक्के?’ या प्रश्नापाठोपाठ ‘समाजात किती टक्के?’ हा प्रश्न विचारला, तरच धोका कळतो. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या लसीसाठी गर्भवतींना सर्वाधिक प्राधान्य दिले, ते याच हिशेबावर. आपल्या शाळेतील गर्भवती बाई किंवा दमेकरी विद्यार्थी तापाने फणफणला आणि त्याला धाप लागली, तर ‘साधा फ्लू असेल’ म्हणून वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. विषाणूविरोधी औषध लवकर सुरू झाले तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो.