सायकलीमागची गाडी

स्वाऱ्यांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. त्या स्वारीबरोबर पिठाची पोती कोणी वाहिली, हे मात्र विचारीत नाही. ओझ्याचा विषय आज निघालाच आहे, तर आपल्या कांजूरपासूनच आरंभ करू.

कांजूरमार्गास रेल्वे स्थानक झाले १९६८ साली. पूर्वेस खाडीलगतची मिठागरे, पश्चिमेस पवईचा चढ. अशा ठिकाणी आम्ही तिघा मित्रांनी एकदा सायकलीमागे जोडायची गाडी घरीच बनविली होती. त्या खटाटोपापायीच हा इतिहास आम्हांस चाळावा लागला.

जर्मनीत कार्ल ड्राइस याने १८१७ साली पायांनी जमीन रेटीत चालवायची दुचाकी केली. डनलॉपने १८८८ मध्ये हवेचा टायर आणला आणि सायकल ओझ्याच्या खऱ्या उपयोगाची झाली. आमच्या मुंबईत ते ओझे नेहमी तिच्या अंगावरच चढले. दूधवाल्याचे कॅन दोन्ही अंगांस, पाववाल्याची टोपली मागे, डबेवाल्याचे डबे तर मिळेल त्या आकड्याला. त्याहून जड काही असले की हातगाडी. व्हिएतनाममध्ये १९५४ साली दिएन बिएन फूच्या वेढ्यात एकेका सायकलीवर दोनदोनशे किलो रसद गेली, हे खरे. पण त्या सायकलीवर स्वार कोठे होता? हँडलला बांबू बांधून माणूस शेजारून चालत ती ढकलीत होता. स्वारही बसावा आणि ओझेही जावे असे वाटत असेल, तर ओझ्याला स्वतःची चाके द्यावी लागतात.

आम्ही दिली. भंगारातील दोन चाके, लोखंडी अँगल, वर फळ्या. पहिल्याच दिवशी आस वाकला. सायकलीचे चाक दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरण्यासाठी घडविलेले असते. आम्ही ते एकाच बाजूने टांगले होते. मग प्रत्येक चाकास बाहेरूनही आधार दिला. जोड आधी सीटखालच्या दांड्याला केला होता, तेव्हा वळणावर गाडी सायकलीला खेचून पाडू पाही. तो खाली, मागच्या चाकाच्या आसाजवळ आणल्यावर ती शहाण्यासारखी मागे येऊ लागली. जोड असा हवा की तो वळेल, वरखाली होईल आणि सायकल आडवी झाली तरी गाडी उभी राहील. ओझेही आसाच्या किंचित पुढे ठेवावे, नाहीतर मागचे चाक उचलले जाते.

हिशेब मोठा गमतीचा आहे. चांगल्या सपाट रस्त्यावर शंभर किलो ओढायला सुमारे एका किलोचा जोर पुरतो. विसास एक असा चढ लागला की त्यात पाच किलोंची भर पडते. चढ आम्ही उतरून, ढकलून निभावला. उताराचा विचारच केला नव्हता.

सिमेंटच्या दोन गोण्या, प्रत्येकी पन्नास किलो. पवईकडून खाली येताना त्या गाडीने सायकलीला मागून जो रेटा दिला, तो आमच्या ब्रेकच्या रबरांना मानवला नाही. पुढे बसलेल्या मित्राचे दोन्ही कोपर सोलून निघाले. पुढून ट्रक येत नव्हता एवढेच दैव.

पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचे काम आमच्या वाचनात आले. (ही संस्थाही १९६८ चीच.) तेथे अनिल राजवंशी यांनी सायकलरिक्षा सुधारताना तिला गिअर दिले आणि ब्रेक मागच्या चाकांनाही लावले. जुन्या रिक्षाला गिअर नव्हता आणि ब्रेक पुढच्याच चाकास. म्हणजे ओझे मागे आणि आवर पुढे. पायडल मारणाऱ्याच्या छातीवर आणि गुडघ्यांवर इतकी वर्षे काय गुदरले असेल, ते आमच्या मित्राच्या कोपरांवरून आम्ही ताडले.

आमच्या गाडीला ब्रेक बसविण्याइतके कसब आमच्यात नव्हते. तेव्हा हातगाडीवाल्यांकडून उचललेला उपाय केला: उतार आला की सायकल हातात धरून चालायचे आणि गाडीच्या मागे दोर बांधून दुसऱ्याने तो मागे ओढून धरायचा.