संज्ञेपासून संमतीपर्यंत : भारतातील बौद्धिक अक्षमतेचा शब्देतिहास

पंचतंत्राच्या प्रास्ताविक कथेत महिलारोप्य नगरीच्या अमरशक्ती राजाला तीन जडबुद्धी पुत्र आहेत. त्यांना सहा महिन्यांत नीतिशास्त्रात निपुण करण्याचे दायित्व विष्णुशर्मा स्वीकारतो आणि त्यासाठी पाच तंत्रे रचतो. हा ग्रंथ पहलवीमार्गे अरबीत गेला तेव्हा ‘कलीला व दिमना’त राजपुत्रांची चौकट उरली नाही, तिच्या जागी राजा आणि तत्त्ववेत्ता यांचा संवाद आला. मंद आकलनाचे विद्यार्थी त्या प्रवासात गळून पडले. संस्कृत परंपरेत त्यांना स्थान आहे, पण ते शहाणे होण्याच्या अटीवर. आपल्या मंदतेविषयी त्यांचे स्वतःचे म्हणणे काय, हे कथा विचारत नाही.

आधुनिक भारतातील बौद्धिक अक्षमतेच्या इतिहासासमोरही हेच प्रश्न आहेत. समावेश सुधारणेच्या अटीवर अवलंबून असावा काय, आणि संबंधित व्यक्तीचा शब्द ग्राह्य मानावा काय? या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या परिभाषेत ज्या क्रमाने बदलत गेली, तो क्रम वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखा आहे.

१९१२च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्याने ‘वेडा’ या संज्ञेत जन्मजात मंदबुद्धी व्यक्ती आणि चित्तभ्रम झालेली व्यक्ती या दोघांनाही बसवले. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये मनोदौर्बल्याचा स्वतंत्र कायदा झाला व त्यात श्रेणी पाडल्या गेल्या. भारतात मात्र एकच शब्द दोन भिन्न अवस्थांसाठी पुढील सात दशके चालू राहिला. आजार बरा होऊ शकतो, ओसरू शकतो. बौद्धिक अक्षमता ही आयुष्यभराची घडण असते. हा भेद पुसला गेल्याने एकीकडे निष्फळ उपचारांची अपेक्षा आणि दुसरीकडे शिक्षणाविषयी उदासीनता, असा दुहेरी परिणाम संभवत होता.

हा भेद प्रत्यक्ष व्यवहारात प्रथम ओळखला तो शाळांनी. मुंबईत १९४४ साली जय वकील यांच्या पुढाकाराने, तर पुण्यात १९६४ साली ‘कामायनी’च्या रूपाने विशेष शिक्षणाचे काम उभे राहिले. मराठीत रूढ झालेला ‘मतिमंद’ हा शब्द ‘वेडा’ या शब्दापेक्षा निश्चितच सौम्य होता. तथापि त्यातही मोजमापाचा सूर होता. सिकंदराबाद येथे १९८४ साली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली तेव्हा तिच्या नावात मानसिक अपंगत्वाचा उल्लेख होता. पुढे त्या जागी ‘बौद्धिक अक्षमता’ आणि ‘सक्षमीकरण’ हे शब्द आले.

कायद्यातील भेद १९८७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने स्पष्ट केला. मानसिक रुग्णाच्या व्याख्येतून त्याने मतिमंदत्व वगळले. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्याने ते अपंगत्वाच्या सात प्रकारांत घेतले आणि १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्याची व्यवस्था केली. २००२ साली वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्यातही ‘वेडा’ हा शब्द जाऊन ‘मानसिक रुग्ण’ हा शब्द आला, आणि त्या व्याख्येतही मतिमंदत्व वगळलेलेच राहिले. वरवर पाहता ही केवळ शब्दांची दुरुस्ती होती. तिचे मोल सात वर्षांनी उमगले.

२००९ साली चंडीगढ येथील एका शासकीय संस्थेत राहणारी, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक तरुणी बलात्कारातून गर्भवती असल्याचे आढळले. प्रशासनाने गर्भपातासाठी उच्च न्यायालयाची अनुमती मागितली. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञांनी तिच्याशी बोलून, तिला मूल हवे आहे असे नोंदवले आणि गर्भ राहू द्यावा अशी शिफारस केली. तरीही उच्च न्यायालयाने १७ जुलै रोजी गर्भपाताचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंडीगढ प्रशासन या खटल्याच्या २८ ऑगस्ट २००९च्या निकालात सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या पीठाने सांगितले की, पालकाच्या संमतीची तरतूद मानसिक रुग्णापुरती आहे; मतिमंदत्व त्यात येत नाही; म्हणून या तरुणीच्या स्वतःच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही. १९१२ची व्याख्या लागू असती, तर तिच्या संमतीचा प्रश्नच उद्भवला नसता.

या निकालाची मर्यादाही नोंदवली पाहिजे. तिची अक्षमता ‘सौम्य’ होती, या गोष्टीला त्यात महत्त्व मिळाले. ज्या व्यक्तीची अक्षमता तीव्र आहे, जिचे म्हणणे शब्दांऐवजी हावभावांतून उमटते, तिच्या इच्छेचे काय? शहाणपणाची अट येथे सैल झाली, पण सुटली नाही.

हा प्रश्न २००६च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याने वेगळ्या रीतीने मांडला. भारताने तो २००७ साली अनुसमर्थित केला. निर्णयक्षमता आधी सिद्ध करा, अशी अट न घालता निर्णयासाठी लागणारा आधार पुरवा, हे त्याचे सूत्र आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा स्वीकारली आणि परस्पर विश्वासावर, संयुक्त निर्णयावर आधारलेले मर्यादित पालकत्व आणले. मात्र १९९९ची पालकत्वाची तरतूद त्यामुळे रद्द झाली नाही, आणि २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात जुनी संज्ञाच पुन्हा अवतरली.

भाषांतराच्या दृष्टीने आणखी एक गुंता आहे. ब्रिटनमध्ये ज्या अवस्थेला ‘अध्ययन अक्षमता’ या अर्थाचे नाव आहे, तिला भारतीय कायदा ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतो. भारतात ‘अध्ययन अक्षमता’ म्हणजे वाचन, लेखन वा गणन यांतील विशिष्ट अडचण. परदेशी ग्रंथ शब्दशः अनुवादित केल्यास एका समूहाच्या हक्कांची चर्चा दुसऱ्याच समूहाच्या नावावर जमा होते.

नावाचा अधिकार स्वतःकडे घेण्याचे उदाहरण अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९७४ साली घडले. बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींनीच आपल्या संघटनेला ‘पीपल फर्स्ट’, म्हणजे ‘आधी माणूस’, असे नाव दिले. ब्रिटनमध्ये त्याआधी, १९६७ साली, डाउन सिंड्रोम असलेल्या नायजेल हंट या तरुणाचे आत्मकथन प्रसिद्ध झाले होते. वर्ण्य विषय असलेली व्यक्ती तेथे लेखक झाली.

सक्षमीकरणाचा अर्थ या दोन घटनांत सापडतो. ‘वेडा’, ‘मतिमंद’, ‘बौद्धिक अक्षम’ हे सर्व शब्द इतरांनी दिले. त्यांतील प्रत्येक बदल आवश्यक होता आणि २००९च्या निकालाने दाखवल्याप्रमाणे त्यावर एका स्त्रीचे आयुष्य अवलंबून होते. तरीही चंडीगढच्या त्या तरुणीला न्याय मिळण्याच्या आरंभी कोणतीही व्याख्या नव्हती. कोणीतरी तिच्यासमोर बसून तिला काय हवे ते विचारले होते आणि तिचे उत्तर लिहून घेतले होते. विष्णुशर्म्याच्या तीन शिष्यांना तो प्रश्न कधी विचारला गेला नाही.